बोटीचे घड्याळ आणि बाकीची आठ

मी, कमलाकांत हिराजी तामोरे, वय चौऱ्याहत्तर, मूळ राहणार दातिवरे, हल्ली मुक्काम बोईसर, पूर्वी तारापूरच्या एका कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त करीत होतो, आता काही करीत नाही, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, तो सांगितला. मग किती वाजले असतील ते विचारले. तेही मी खिशात हात न घालता बरोबर सांगितले. माझ्या पत्नीचे माझ्या डोक्याबद्दल मत वेगळे आहे, पण ते दाखल्यात नाही.

हे मी कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने लिहीत नाही. उलट सगळे लिहू नका असेच सांगत होते. माझे शिक्षण सातवी. शब्द चुकले तर अर्थ बदलू नये. याआधी मी दोन मृत्युपत्रे लिहिली आणि फाडली. ती सापडली तर धरू नयेत. फाडलेली असली तरी हे लिहून ठेवतो, कारण माझा मुलगा दर्पण चिकटपट्टीने काहीही जोडतो.

कलम १. बोईसरचा राहता फ्लॅट, त्यातले सामान, कपाट, लिहायचे टेबल, बँकेतली ठेव, हे सगळे माझी पत्नी रंभा हिला. ती असेपर्यंत तिला कोणी विचारू नये की आता याचे काय करणार. तिच्यामागे दर्पण आणि मुलगी रुचिता यांनी निम्मे निम्मे घ्यावे. दातिवऱ्याची जागा मी आणि माझा धाकटा भाऊ चिंतामण ऊर्फ चिंतू यांनी मागेच वाटून घेतली आहे. माझा वाटाही रंभाला. जागेवरून आमच्यात भांडण नाही, कधी नव्हते. आमचे भांडण घड्याळावरून आहे.

कलम २. साक्षीदारांबद्दल. वकील साहेबांनी मला बजावले की ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, उगाच पुढे वाद होतात. मी ते मनात पक्के धरले आहे. एक साक्षीदार जिवल्या वरठा, मनोरकडचा, कारखान्यात माझ्याबरोबर सत्तावीस वर्षे होता. दुसरा सापडेना. सोसायटीतला कोणी घेतला तर माझे मरण जिन्यात सांगत फिरेल. रंभा म्हणाली, चिंतूभावजींना बोलवा. मी नाही म्हणालो. मग मला वकिलांचा नियम आठवला. चिंतू साक्षीदार झाला की त्याला काही द्यायचा प्रश्नच राहत नाही, आणि का नाही दिले असे कोणी विचारणारही नाही. म्हणून मी हो म्हणालो. रंभाने लगेच फोन केला. इतका लगेच, की नंबर तिला पाठ असावा.

कलम ३. हत्यारे. बारीक पेचकस, चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग, तेलाची सुई. ही मला जिवल्याला द्यायची होती. पण तो साक्षीदार आहे. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी काल त्याला बोलावून ती जिवंतपणीच हातात दिली. म्हणजे ती आता माझी नाहीत आणि या कागदात येत नाहीत. तरी कोणी विचारले तर हे कलम दाखवावे. भिंगाची एक बाजू तडकली आहे, ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आपन दोगं पन तडकलेलेच."

कलम ४. आता घड्याळे. ही नऊ आहेत. सगळी खिशातली, सगळी अमेरिकन, वॉल्थम आणि एल्जिन अशी नावे आहेत, शंभर वर्षांहून जुनी. माझ्या घरच्यांना वाटते यांची किंमत झाकणाच्या सोन्यात आहे. झाकणाला सोन्याचा नुसता पातळ पत्रा आहे. किंमत तबकडीची. तांब्याच्या चकतीवर काचेची पूड टाकून ती भट्टीत भाजतात, त्यावर हाताने चित्र काढतात आणि पुन्हा भाजतात. एकावर गुलाब, एकावर रेल्वेचे इंजिन, एकावर पाणी पिणारे हरीण, एकावर टोपीवाली बाई, एकावर बोट. बाकीच्या चारांवर सोनेरी आणि गुलाबी नक्षी. पडले तर बशीसारखे तडकते, आणि तडकलेले पुन्हा जुळत नाही. एवढे मी चाळीस वर्षे सांगतो आहे. कोणाला पाठ झाले असेल तर त्याने हात वर करावा.

ती मला आयती मिळालेली नाहीत. दोन बोर्डीच्या एका चिकूच्या वाडीतून, पारशी म्हाताऱ्यांनी बंगला विकला तेव्हा. एक बोईसरच्या भंगारवाल्याकडे पितळेच्या ढिगात होते, तो ते वजनावर देत होता. तीन मुंबईच्या जुन्या बाजारातून. दोन रुचिताने कॉम्प्युटरवरून मागवून दिली. जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने हरणाच्या घड्याळाचे मूळ निळे काटे काढून मला काळे लावून दिले, आणि मी ते घरी आल्यावर पाहिले. तो व्यापारी वारला आहे. तरी मी त्याला माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

कलम ५. नववे, म्हणजे खरे तर पहिले, बोटीचे घड्याळ. याबद्दल नीट लिहितो, कारण सगळा घोळ यातच आहे.

अणुवीज केंद्राचे काम चालू होते तेव्हा तारापूरकडे अमेरिकन लोक राहायला आले होते. माझ्या आईचे, जमनाचे, माहेर घिवलीचे. त्या काळात आम्ही मामाकडे होतो. मी बांधकामावर पाणी मारायला जात होतो आणि आई अमेरिकनांच्या वसाहतीत मासळी विकत होती. डेल नावाचे एक साहेब काट्याला घाबरायचे. आई त्यांना पापलेट साफ करून द्यायची आणि हसत हसत मराठीत शिव्या द्यायची. तेही हसायचे. काम संपून परत निघाले तेव्हा त्यांनी तिला रुमालात गुंडाळून हे घड्याळ दिले. बंद पडलेले होते. आईला वाटले तपकिरीची डबी आहे.

घरी येऊन तिने झाकण उघडले. आत तळे, तळ्यात तपकिरी रंगाची शिडाची बोट, मागे डोंगर. दुसऱ्या कोणी सोन्याचे काटे पाहिले असते. आईने बावटा पाहिला. म्हणाली, "शीड एकीकडं फुगलंय, बावटा दुसरीकडं उडतो. वारा हाय का मस्करी? ही बोट घरी येवाची नाय."

आणि तिने ते घड्याळ घरात ठेवू दिले नाही. माझे वडील आणि मामा समुद्रात असताना तर नाहीच. पुढे दातिवऱ्याला परत आल्यावरही ते बाहेर, जाळी ठेवायच्या खोपीत, खुंटीला. मी म्हणायचो, आई, ते चित्र आहे. ती म्हणायची, चित्रातल्या माणसांना घर नसते काय. वडिलांना बावट्याचे काही नव्हते, पण घड्याळाचेही काही नव्हते. ते तिथीवरून भरतीची वेळ तोंडी सांगायचे आणि मला चिडवायचे, "भरतीला चावी देवा लागत नाय."

आई असेही म्हणाली होती की हे घड्याळ दोघा भावांचे आहे. हे मी स्वतः लिहितो, कारण चिंतू ते सांगणारच आणि मग मी लपवले असे होईल.

पण ते चालू मी केले. पालघरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे रविवार रविवार बसून शिकलो आणि केले. त्यानेच मला तबकडी काय असते ते दाखवले आणि सांगितले की अशा चित्राला कधी हात लावू नको, जसे आहे तसेच त्याचे मोल. बावटा चुकला असेल तर चुकलेलाच राहू दे, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची ती चूक आहे, तुझी नाही. त्या दिवसापासून माझ्या संसाराचे वाटोळे झाले असे रंभा म्हणते. आमचे लग्न त्यानंतर सहा वर्षांनी झाले हे ती धरत नाही.

कलम ६. मी गेल्यावर यांना चावी कोण देणार ही काळजी मला फार वर्षे खाते आहे. घड्याळ नुसते ठेवले तर आतले तेल सुकते आणि ते मरते. म्हणून मी ठरवले की घरातल्या प्रत्येकाला एकेक घड्याळ एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सांभाळायला द्यायचे आणि बघायचे. प्रत्येकाला सांगितले, सकाळी एकदा चावी, तबकडीला हात नाही, बाकी काही करू नका.

बघितले.

दर्पणला इंजिनाचे दिले. त्याने ते त्याच दिवशी पालघरला बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले आणि वर्षाने आणून दिले. बंद. मी विचारले तर म्हणतो, बाबा, सेफ होतं ना? मी त्याला सांगितले, स्मशानात पण सगळे सेफच असते.

रुचिताला, माझ्या मुलीला, गुलाबाचे दिले. ती माकुणसारला दिली आहे. तिने रोज चावी दिली, खोटे बोलणार नाही. पण एकदा पिशवीत पाणी गेले आणि घड्याळ भिजले, तर तिने ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. मोबाईलला करतात म्हणे. मी मशीन उघडले तर आत तांदळाचा कोंडा. एकेक चाक काढून धुवावे लागले. ती म्हणाली, बाबा, चांगला तांदूळ होता.

सून हेतल हिला टोपीवाल्या बाईचे दिले. खंडेनवमीला घरातली हत्यारे, मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन यांची पूजा झाली, तेव्हा तिने घड्याळही पाटावर मांडले. तेवढ्याने भागले असते. पण वर्षाच्या सणाला बाईमाणसाचे कपाळ मोकळे कसे ठेवायचे, म्हणून तिने काच उघडून त्या अमेरिकन बाईच्या कपाळावर काडीने कुंकू लावले. तिथे केसासारखी बारीक जुनी चीर होती. कुंकू चिरेत उतरले. ते आता जगाच्या अंतापर्यंत निघणार नाही. मी हेतलला ओरडलो तेव्हा ती रडली आणि म्हणाली, मी चांगल्या मनाने केलं.

हेच. प्रत्येकाने चांगल्या मनाने केले. वाईट मनाचा एक माणूस घरात असता तर त्याने निदान घड्याळांकडे बघितले नसते.

कलम ७. बोटीचे घड्याळ मी चिंतूला दिले होते. आईचा शब्द होता म्हणून दिले. चिंतूची स्वतःची बोट आहे आणि गावातल्या निम्म्या बोटी तोच रंगवतो. आमच्याकडे नारळी पुनवेच्या आधी, बोट पाण्यात लोटण्यापूर्वी, जुना रंग खरवडून नवा देतात. जुन्या रंगाची बोट किनाऱ्यावर दिसली की लोक विचारतात, मालक आजारी आहे काय. हे मला माहीत होते. तरी ते घड्याळापर्यंत येईल असे माझ्या मनात आले नाही.

सहा वर्षांपूर्वी पुनवेच्या आदल्या दिवशी चिंतू बोईसरला आला. नवा सदरा, हातात नारळ, आणि ताटलीत रुमालाखाली घड्याळ. रुमाल काढला. बोटीला निळा रंग, पिवळा पट्टा, जसा आमच्या बोटींना असतो. बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात "जमना". आणि बावटा फिरवलेला, शिडाच्या बाजूला. अमेरिकेच्या तळ्यातली बोट दातिवऱ्याच्या खाडीत आणून उभी केली होती. म्हणाला, "दादा, आता बघ. आता येल घरी."

मी त्याला त्याच नारळासकट परत पाठवला. त्या दिवसापासून आमचे बोलणे नाही. काम बारीक आहे हे मी नाकारत नाही. मांजराच्या केसांचा ब्रश केला होता म्हणे. पण पाकीटमारही बारीकच काम करतो.

त्या वर्षी मी एका संग्रहालयाला पत्र लिहिले होते की नऊ घड्याळे फुकट देतो, फक्त चावी देत जा. त्यांचे उत्तर आले की आमच्याकडे भारतीय वस्तू ठेवतात. मी पुन्हा लिहिणार होतो की यातले एक आता निम्मे भारतीय झाले आहे. लिहिले नाही.

कलम ८. मुंबईत तबकड्यांची दुरुस्ती करणारे एक गृहस्थ आहेत. मी त्यांना बोटीचे घड्याळ नेऊन दाखवले. त्यांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, काका, काळजी करू नका, हा तेलरंग आहे, भाजलेला नाही, काचेवर नुसता बसला आहे. कापूस थिनरमध्ये बुडवून पुसा, पाच मिनिटांत जाईल, खालचे मूळ चित्र जसेच्या तसे आहे. मी विचारले, नक्की? ते म्हणाले, आणा, आत्ता पुसून देतो. मी म्हणालो, नको, घरी करीन. येताना थिनरची बाटली घेऊन आलो.

ती बाटली कपाटात आहे. सील मी फोडले आहे, पण वापरली नाही. पहिल्या वर्षी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मग हात थरथरायला लागला. मग थंडीत खिडक्या बंद असतात आणि थिनरच्या वासाने रंभाला खोकला येतो. पावसात कापूस दमट. हे सगळे खरे आहे.

कलम ९. म्हणून असे ठरवितो की माझ्यामागे रुचिताने, तिचे डोळे चांगले आहेत, दिवसाच्या उजेडात तो रंग पुसावा आणि तबकडी मूळ होती तशी करावी. पुसताना चिंतूला बोलावू नये. त्याने मूळ चित्र खराब केले असे मला म्हणायचे नाही, खराब झालेले नाही, पण बोलावू नये.

कलम १०. वाटणी. टोपीवाल्या बाईचे घड्याळ हेतलला. त्या बाईला तिने कुंकू लावले आहे, आता तिनेच तिला नांदवावे. गुलाबाचे रुचिताला, तांदळाच्या डब्यापासून लांब ठेवायच्या अटीवर. इंजिनाचे दर्पणला, लॉकरबाहेर ठेवायच्या अटीवर. लॉकरमध्ये ठेवल्याचे दिसले तर ते हेतलला जाईल, तिने हवी ती पूजा करावी. राहिलेली पाच आणि पुसलेले बोटीचे, अशी सहा एकत्र एकाच माणसाला विकावीत, जो चावी देईल असे तोंडाने कबूल करेल त्याला. पैसे रंभाला. झाकणे वितळवून तबकड्या फेकणाऱ्याला देऊ नयेत. दर्पण म्हणतो असा माणूस मिळणार नाही. मिळाला नाही तर शोधत राहावे.

येथपर्यंत लिहिले आणि बेल वाजली.

यापुढचे त्याच दिवशी दुपारी लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, पण माझेच आहे.

चिंतू आला. स्टेशनवरून भावेश नावाच्या एकाच्या रिक्षाने, आणि परत जायचे म्हणून रिक्षा खालीच थांबवून ठेवली. केस सगळे पांढरे झाले आहेत. हे मला कोणी सांगितले नव्हते. रंभाच्या हातात त्याने सुक्या बोंबलांची पिशवी दिली, दर महिन्याला देत असल्यासारखी, आणि खुर्चीच्या कडेला बसला. जिवल्या आधीच आलेला होता. मी चिंतूला सांगितले की साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो, मी सही करताना बघायचे आणि खाली सही करायची, एवढेच. तो म्हणाला, "बघन. बघाय काय लागतं."

रंभाने चहा आणला आणि मला न विचारता घड्याळांचा डबाही टेबलावर आणून ठेवला. चिंतूने त्यातून बरोबर तेच उचलले. झाकण उघडून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "रंग टिकलाय."

मी म्हणालो, कपाटात होता, टिकणारच. आणि आता तो पाच मिनिटांत जाणार आहे. मी बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली.

त्याने बूच काढून वास घेतला. हा वास त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा. विचारले, "कवा आणलीस?"

मी सांगितले, सहा वर्षे होत आली.

"मग पुसला का नाय?"

मी सांगितले, डोळे, हात, रंभाचा खोकला.

रंभा म्हणाली, "माझा खोकला मधे आणू नका."

जिवल्या चहाच्या कपात बघत होता. चिंतूने खांद्यावरचा पंचा काढला, टोक बाटलीत बुडवून पिळले आणि बोटाला गुंडाळले. रागाने नव्हे. बोट खरवडायला बसतो तसा बसला. म्हणाला, "आन, मी लावला, मीच काढतो. तुझा हात थरथरतो. आय गेली, आता बावटा कुठं का उडंना. पन सा वरसं बोललास नाय तू मला, दादा."

मला वाटले तो नाव आधी पुसेल. त्याने बावट्यापासून सुरुवात करायला घेतली. ओल्या टोकाची सावली तबकडीवर पडली आणि मी त्याचे मनगट धरले.

बाटली कलंडली. टेबलाचे पॉलिश हातभर गेले आहे. हे टेबल कलम १ मध्ये रंभाला दिलेले आहे. डागासकट दिले असे समजावे.

मनगट का धरले ते लिहायची कायद्याने गरज नाही. बावटा जसा होता तसाच आहे, म्हणजे त्याने फिरवलेला. तबकडीला काही झालेले नाही. मी भिंग मागून घेऊन पाहिले. भिंग आता जिवल्याचे आहे, त्याने ते दिले.

जिवल्याने कप खाली ठेवून विचारले, सही कुठं करू. मी त्याला जागा दाखवली. मग चिंतूने पेन हातात घेतले आणि विचारले, "आन मी कुठं?"

मी म्हणालो, "तू सही करू नको."

तो उठला. त्याला वाटले मी त्याला पुन्हा घालवून देतो आहे. पंचा खांद्यावर टाकून तो दाराकडे निघालाही. रंभाने त्याला थांबवले. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती, आणि हे थिनरने झाले असे म्हणत होती. तिला कलम २ माहीत होते. सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा तिने वाचले असणार. तिनेच त्याला समजावले, कारण मला ते जमत नव्हते.

कलम ११. कलम ९ रद्द. रंग कोणीही, कधीही, पुसू नये. कलम १० मध्ये सहा लिहिले आहे तिथे पाच वाचावे.

कलम १२. बोटीचे घड्याळ, आत्ता आहे तसे, निळी बोट, पिवळा पट्टा, "जमना" नाव आणि फिरवलेला बावटा यांसह, माझा भाऊ चिंतामण हिराजी तामोरे याला. अटी अशा: रोज सकाळी चावी द्यावी. दर वर्षी पुनवेला नवा रंग देऊ नये. हे मी दोनदा लिहितो, नवा रंग देऊ नये. तो आत्ताच विचारत होता की शिडाला एक हात मारू काय. आणि घड्याळ खोपीत टांगू नये. घरात ठेवावे. बोटी समुद्रात असल्या तरी घरातच ठेवावे, आता त्याला काही हरकत नाही.

मूळ चित्र शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे होते आणि ते खाली तसेच आहे. त्याच्यावर अन्याय झाला हे माझे मत कायम आहे.

कलम १३. उरलेले थिनर दर्पणला. त्याने जिन्याच्या ग्रिलचा गंज काढावा. चार वर्षे सांगतो आहे.

कलम १४. या कागदाचा अंमल रुचिताने करावा. कोणी भांडले तर रंभा सांगेल तो निकाल. ती नाहीतरी सांगणारच आहे.

वरील चौदा कलमे मी पुन्हा वाचून पाहिली. ती माझीच आहेत. खाली दोघांच्या देखत सही करतो.

कमलाकांत हिराजी तामोरे (सही)

साक्षीदार

१. जिवल्या सोमा वरठा, राहणार मनोर (सही)

२. ~~चिंतामण हिराजी तामोरे, राहणार दातिवरे~~

२. भावेश नारायण पाटील, रिक्षाचालक, राहणार बोईसर (सही). हे खाली थांबले होते, त्यांना वर बोलावले. माझी सही दोघांसमोर झाली. वेटिंगचे पैसे चिंतूने दिले, मला देऊ दिले नाहीत.

ठिकाण: बोईसर, तालुका व जिल्हा पालघर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

खाडाखोडीबाबत: साक्षीदारांच्या जागी एक नाव आधी लिहिलेले होते ते खोडले आहे. मी स्वतः खोडले आहे. चुकून नाही. (सही)